शेजारच्या सिगारेटचा धूर घरात येतो तेव्हा: वाट शोधण्यापासून इमारतीचा नियम होईपर्यंत

घरात कोणी सिगारेट ओढत नाही, खिडक्या बंद आहेत, तरीही रात्री अकराच्या सुमारास बेडरूममध्ये धुराचा वास भरतो. अशा वेळी बहुतेक घरांत तीनपैकी एक गोष्ट होते. कुणी एक्झॉस्ट फॅन लावतं, कुणी सुगंधी स्प्रे मारतं, नाहीतर कुणी तावातावानं जाऊन शेजारची बेल दाबतं. पहिल्या उपायानं धूर अनेकदा आणखी जोरात आत ओढला जातो, दुसऱ्यानं फक्त वास झाकला जातो, आणि तिसऱ्यानं पुढच्या सगळ्या बोलण्याची वाट बंद होते.

या त्रासावर उपाय आहेत, पण ते क्रमानं करावे लागतात. आधी धूर कोणत्या वाटेनं येतो ते शोधायचं. मग शेजाऱ्यांशी बोलायचं. मग भेगा बुजवायच्या आणि हवेचा दाब आपल्या बाजूनं करून घ्यायचा. आणि हे सगळं चालू असतानाच इमारतीचा नियम बदलावा म्हणून कागद जमवायला लागायचं. भेगा बुजवून त्रास कमी होतो, पण तो संपतो इमारतीच्या आत ओढणं थांबल्यावरच, असं माझं स्पष्ट मत आहे. म्हणून शेवटचं काम अवघड वाटलं तरी सोडू नका.

नुसता वास नव्हे

तक्रार करणाऱ्याला सर्रास ऐकावं लागतं, "वासच तर आहे, एवढं काय!" त्यामुळे आपली बाजू आधी आपल्याला नीट ठाऊक हवी.

तंबाखूच्या धुरात ७,००० हून अधिक रसायनं असतात आणि त्यांपैकी जवळपास ७० कॅन्सरला कारणीभूत ठरू शकतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं दुसऱ्यांच्या धुराला गट १ मध्ये, म्हणजे माणसात कॅन्सर करतो हे सिद्ध झालेल्या गोष्टींच्या यादीत घातलं आहे. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या, म्हणजे तिथल्या सार्वजनिक आरोग्याच्या प्रमुख अधिकाऱ्याच्या, २००६ च्या अहवालाचा निष्कर्ष तर अगदी सरळ आहे: या धुराची कोणतीही मात्रा निर्धोक नाही. घरात किंवा कामाच्या जागी नेहमी असा धूर सोसणाऱ्या, स्वतः न ओढणाऱ्या माणसाचा हृदयविकाराचा धोका २५ ते ३० टक्क्यांनी आणि फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका २० ते ३० टक्क्यांनी वाढतो, असं त्याच अहवालात म्हटलं आहे. लहान मुलांत दम्याचे झटके, कानाचे संसर्ग आणि तान्ह्या बाळांचा झोपेतला अचानक मृत्यू यांच्याशी या धुराचा संबंध आहे.

भिंतीपलीकडून येणारा धूर अर्थातच घरातल्या घरात ओढलेल्या सिगारेटइतका दाट नसतो. तरी तो शरीरात पोचतो. घरातलं कुणीही ओढत नाही अशा मुलांच्या रक्तातलं कोटिनिन, म्हणजे निकोटिनपासून शरीरात तयार होणारा पदार्थ, अमेरिकेत तपासलं गेलं. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात फ्लॅटमध्ये राहणाऱ्या मुलांत कोटिनिनचं प्रमाण स्वतंत्र घरात राहणाऱ्या मुलांपेक्षा ४५ टक्क्यांनी जास्त आढळलं. कमिटीसमोर बोलायची वेळ आली, तर ही एक गोष्ट लक्षात ठेवून जा.

धूर चालतो कसा

धुराला स्वतःची चाल नसते. हवा जिकडे जाते तिकडे तो जातो, आणि हवा जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जाते. धुराचे बहुतेक कण एक मायक्रॉनपेक्षाही, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही, बारीक असतात. जिथून हवा जाते तिथून ते जातात, आणि तासन् तास हवेत तरंगत राहतात.

इमारतीत दाबाचा फरक तीन कारणांनी पडतो. पहिलं कारण तापमान. बाहेर थंडी आणि आत ऊब असेल तर आतली हवा वर चढते. मग खालच्या मजल्यांवर बाहेरची हवा आत येते, आणि जिना, लिफ्टची पोकळी, पाइपांचे डक्ट यांतून ती वरच्या मजल्यांकडे सरकते. बाहेर कडक ऊन आणि आत एसी असेल तर हेच उलटं होतं, थंड हवा खाली उतरते. म्हणून "धूर वरच चढतो, म्हणजे खालच्याच घरातला" हा अंदाज दर वेळी बरोबर ठरत नाही. दुसरं कारण वारा. ज्या बाजूला वारा आपटतो तिथून हवा आत ढकलली जाते आणि मागच्या बाजूनं बाहेर ओढली जाते.

तिसरं कारण आपण स्वतः घरात लावलेले पंखे, आणि सर्वांत जास्त गफलत इथेच होते. एक्झॉस्ट फॅन किंवा चिमणी घरातली हवा बाहेर फेकते. फेकलेल्या हवेच्या जागी तेवढीच हवा कुठून तरी यावीच लागते. खिडक्या उघड्या असतील तर ती बाहेरून येते. त्या बंद असतील तर सामाईक भिंतीच्या भेगांतून, दाराखालच्या फटीतून, डक्टमधून, म्हणजे थेट शेजारच्या घरातून येते. वास आला की खिडक्या लावून एक्झॉस्ट चालू करणं म्हणजे शेजारच्या हवेला आवतण देणं.

पहिलं काम: दोन आठवडे नोंद ठेवा

एक वही घ्या नाहीतर फोनमध्ये तक्ता करा. वास आला की तारीख, वेळ, खोली, वास हलका की तीव्र, खिडक्या उघड्या की बंद, कोणते पंखे चालू होते आणि वारा कुठून होता हे टिपून ठेवा. किती वेळ टिकला तेही लिहा. कंटाळवाणं काम आहे, पण पुढचं सगळं यावर उभं राहतं. वास रोज ठरावीक वेळी येतो, फक्त पूर्वेचा वारा असला की येतो, किंवा बाथरूमच्या पंख्याशी त्याचा संबंध आहे, हे वहीत आपोआप दिसायला लागतं.

जमत असेल तर पीएम २.५, म्हणजे हवेतले २.५ मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण, मोजणारं छोटं यंत्र घ्या. सिगारेटचा धूर आला की आकडा झटकन चढतो आणि मग सावकाश उतरतो. फोडणी दिली, अगरबत्ती लावली, केर काढला तरीही आकडा चढतो, म्हणून असं काही झालं की तेही लिहा, नाहीतर पुढे कुणीतरी तेवढ्यावरच बोट ठेवून सगळी नोंद खोटी पाडेल. यंत्र एक दिवस बेडरूममध्ये, एक दिवस बाथरूमच्या दाराशी, एक दिवस मुख्य दाराजवळ ठेवून पाहा. जिथे आकडा आधी आणि जास्त चढतो तिथे धुराची वाट जवळ आहे. तुलनेसाठी एक माप लक्षात ठेवा: जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक पातळीनुसार २४ तासांची सरासरी घनमीटरला १५ मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये.

एक गोष्ट मात्र विसरू नका. वास नाही म्हणजे धूर नाही असं नसतं. नाक काही मिनिटांत सरावतं. उलट, जुना धूर भिंतींत आणि पडद्यांत मुरलेला असला तर ताजा धूर नसतानाही वास येतो.

दुसरं काम: वाट शोधा

वास येण्याची जी नेहमीची वेळ आहे, त्या वेळी हे करा. सगळ्या खिडक्या लावा आणि मुद्दाम एक्झॉस्ट फॅन चालू करा. गॅसचा गिझर किंवा शेगडी पेटती असेल तर ती आधी बंद करा. आता टिश्यू पेपरची अगदी पातळ पट्टी दोन बोटांत हलकी धरून प्रत्येक संशयित जागेजवळ न्या. पट्टी तुमच्याकडे झुकली तर तिथून हवा आत येते आहे. फटीकडे ओढली गेली तर बाहेर जाते आहे. अगरबत्तीच्या धुरानंही हे दिसतं, पण गॅसच्या नळीजवळ ती नेऊ नका, आणि धूर शोधताना घरात आणखी धूर कशाला?

सुरुवात सिंकखालच्या कपाटापासून करा. सगळं सामान बाहेर काढा आणि टॉर्च लावून पाइप भिंतीत शिरतो ती जागा पाहा. पाइप दीड इंचाचा आणि भिंतीतलं भोक तीन इंचाचं, वर नुसती स्टीलची चकती सरकवलेली, असं कितीतरी घरांत असतं. चकती बोटानं पुढे ओढली की मागची काळी पोकळी दिसते. तिथे नाक नेलं की बऱ्याचदा लगेच उत्तर मिळतं. वॉश बेसिनखाली, गिझरच्या नळ्यांशी आणि फ्लश टाकीमागेही असंच पाहा.

मग बाथरूमचा एक्झॉस्ट. तो सामाईक डक्टमध्ये उघडत असेल आणि तुमचा पंखा बंद असताना शेजाऱ्यांचा चालू असेल, तर त्यांच्याकडची हवा तुमच्या पंख्याच्या पात्यांतून सरळ आत येते. बाथरूममध्ये बसून ओढण्याची सवय पुष्कळांना असते, त्यामुळे ही वाट मी नेहमी वरच्या नंबरवर ठेवते.

त्यानंतर सामाईक भिंतीवरचे स्विचबोर्ड आणि सॉकेट, एसीची तांब्याची नळी भिंतीतून जाते ते भोक, केबल आणि इंटरनेटच्या वायरींची भोकं, फॉल्स सीलिंगच्या कडा, खिडकीची चौकट आणि भिंत यांच्यामधली चीर, मुख्य दाराखालची फट. फारसं न वापरलं जाणारं बाथरूम असेल तर तिथला नहाणी ट्रॅप, म्हणजे जमिनीतल्या जाळीखाली पाणी साठून राहतं ती जागा, तीही पाहा. त्यातलं पाणी आटलं की ड्रेनेजच्या पाइपातली हवा वर येते. यावर उपाय फुकट आहे: आठवड्यातून एकदा तांब्याभर पाणी ओतायचं.

कुठेच हवा आत येताना दिसत नसेल आणि खिडकी उघडल्यावरच वास येत असेल, तर धूर बाल्कनीतून किंवा खिडकीबाहेरून येतो आहे. भेगा बुजवून त्याला काही होणार नाही. तिथे बोलणं आणि नियम हेच खरे उपाय.

तिसरं काम: शेजाऱ्यांशी बोला

भेगा बुजवण्याच्या आधी बोला असं मी सांगते, कारण आपला धूर भिंत ओलांडून जातो हे पुष्कळ ओढणाऱ्यांना खरोखरच माहीत नसतं. घरच्यांना त्रास नको म्हणून माणूस बाल्कनीत किंवा बाथरूममध्ये जातो. त्याच्या मते तो काळजीच घेत असतो.

धूर येत असताना जाऊ नका. आपण चिडलेले असतो, आणि ओढताना पकडलं गेल्याच्या भावनेनं तेही बिथरतात. इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर मुळीच लिहू नका, चारचौघांत मान खाली गेलेला माणूस मदत करत नाही. निवांत वेळी, शक्यतो एकट्यानं जा. बोलणं असं काहीसं असू द्या:

"नमस्कार, थोडा वेळ आहे का? एक अडचण आहे, म्हटलं तुमच्याशी प्रत्यक्षच बोलावं. रात्री अकराच्या सुमारास आमच्या आतल्या खोलीत सिगारेटचा धूर येतो. मी पाहिलं तर तो बाथरूमच्या डक्टमधून येतोय असं वाटतंय. तुमचा दोष आहे असं म्हणत नाहीये, बांधकामच तसं आहे. पण आईला दमा आहे आणि तिला रात्रभर खोकला लागतो. त्या वेळेपुरतं बाथरूमऐवजी दुसरीकडे जमेल का? डक्टला झडप बसवायची असेल तर मी खर्चात वाटा उचलते."

यात आरोप नाही, वेळ आणि जागा नेमकी आहे, मागणी छोटी आणि जमण्यासारखी आहे. "सिगारेट बंद करा" असं म्हणणं सोपं, पण निकोटिनचं व्यसन शेजाऱ्याच्या सांगण्यावरून सुटत नाही, आणि तो विषय काढला की बोलणं तुमच्या खोलीवरून त्यांच्या स्वभावावर जातं. फक्त जागा आणि वेळ बदलण्याबद्दल बोला: इमारतीबाहेर खाली उतरून, नाहीतर तुमच्या खिडकीपासून लांबच्या बाजूला. मोकळ्या हवेत सिगारेटचा धूर साधारण दोन मीटरच्या पुढे झपाट्यानं विरळ होतो, म्हणून थोडं अंतरही कामाला येतं. बाल्कनी मात्र याला अपवाद समजा. तिन्ही बाजूंनी भिंती, वर छत, आणि गरम धूर सरळ वरच्या घरात.

आठवड्यानं पुन्हा भेटा. फरक पडला असेल तर ते आवर्जून सांगा आणि आभार माना. पडला नसेल तर नोंदवही दाखवा. दोनदा बोलून काही झालं नाही तर दोन ओळींचं साधं पत्र द्या आणि त्याची प्रत जवळ ठेवा. धमकी, दार आपटणं, उलट त्रास देणं यांतलं काहीही करू नका. पुढे प्रकरण कमिटीकडे गेलं की आधी तुमचंच वागणं पाहिलं जाईल.

चौथं काम: भेगा बुजवा

भाड्याचं घर असेल तर आधी घरमालकाची लेखी परवानगी घ्या.

पाइपाभोवतीची लहान फट सिलिकॉन किंवा ॲक्रिलिक सीलंटनं भरा. कडा आधी कोरड्या फडक्यानं पुसा, नाहीतर सीलंट धुळीला चिकटतं आणि महिन्याभरात सुटतं. पोकळी बोटभरापेक्षा रुंद असेल तर आत फोमची दोरी किंवा सिमेंटचा माल भरून वरून सीलंट मारा, आणि मग चकती पुन्हा घट्ट बसवा. डक्टच्या आणि मजल्यांमधल्या भोकांत साधा पीयू फोम (फवारला की फुगणारा पॉलीयुरेथेनचा फोम) मारू नका. तो पेटतो. अशा ठिकाणी आग रोखणारं फायर सीलंटच हवं.

स्विचबोर्डला हात लावण्याआधी मेन बंद करा, आणि सवय नसेल तर इलेक्ट्रिशियनच बोलवा. प्लेट काढली की मागे वायरींच्या पाइपाचं उघडं तोंड दिसतं. ते विजेच्या कामासाठी मिळणाऱ्या न जळणाऱ्या पुट्टीनं बुजवायचं आणि प्लेटच्या मागे फोमचं पातळ गॅस्केट घालायचं. काम छोटं आहे, पण सामाईक भिंतीवर चार-पाच बोर्ड असतील तर फरक जाणवतो.

बाथरूमच्या एक्झॉस्टला उलटी हवा रोखणारी झडप बसवून घ्या. पंखा चालू झाला की ती उघडते, बंद झाला की आपल्या वजनानं मिटते. प्लंबरला किंवा इलेक्ट्रिशियनला "नॉन रिटर्न डँपर" म्हटलं की समजतं. मुख्य दाराला खालून रबरी किंवा ब्रशची पट्टी आणि चौकटीला फोमची पट्टी लावा.

आता सर्वांत महत्त्वाचा इशारा. गॅसवर चालणारा गिझर, शेगडी किंवा हीटर ज्या खोलीत आहे तिथली हवेची जाळी कधीही बंद करू नका. ज्वलनाला हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो जीव घेतो. तसंच एक्झॉस्टचं तोंड कायमचं बंद करू नका. ओल आणि बुरशी हा नवा आजार घरात येईल.

पाचवं काम: दाब आपल्या बाजूनं करा

हा उपाय स्वस्त आहे आणि फार कमी लोक तो वापरतात. ज्या खिडकीबाहेरची हवा स्वच्छ आहे तिथे टेबल फॅन आतल्या दिशेनं तोंड करून ठेवा आणि बाकीच्या खिडक्या लावून घ्या. बाहेरची हवा आत ढकलली गेली की घरातला दाब किंचित वाढतो, आणि भेगांमधून हवा आत येण्याऐवजी बाहेर जायला लागते. टिश्यूची पट्टी पुन्हा धरून पाहा, तिची दिशा पालटलेली दिसेल. सगळं घर जमत नसेल तर निदान झोपायच्या खोलीत दार लावून एवढं करा.

एक्झॉस्ट किंवा चिमणी लावायचीच असेल, उदाहरणार्थ स्वयंपाकाच्या वेळी, तर आधी एक स्वच्छ बाजूची खिडकी उघडा. पंख्याला हवी असलेली हवा तिथून मिळू दे.

एअर प्युरिफायर: काय होतं, काय होत नाही

हेपा फिल्टर, म्हणजे अतिबारीक कण अडवणारी जाळी, ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो, म्हणजे धुराचे कण त्यात नक्की अडकतात. वास आणि वायू मात्र त्यातून निसटतात. त्यासाठी ॲक्टिव्हेटेड कार्बन, म्हणजे वास आणि वायू धरून ठेवणारा खास कोळसा, लागतो, आणि तोही भरपूर. स्पंजावर काळी पूड शिंपडल्यासारखा पातळ थर काही आठवड्यांत भरून जातो. विकत घेताना कार्बनचं वजन विचारा.

आकार कसा ठरवायचा? यंत्रावर धुरासाठीचा सीएडीआर आकडा, म्हणजे यंत्र किती वेगानं स्वच्छ हवा देतं त्याचं माप, पाहा. तो सीएफएममध्ये (मिनिटाला घनफूट) असेल तर खोलीच्या चौरस फुटांच्या किमान दोन तृतीयांश हवा: १५० चौरस फुटांच्या खोलीला १००. हे आठ फूट उंचीच्या छतासाठी, छत उंच असेल तर त्या प्रमाणात जास्त. नोंदवहीतल्या वेळेच्या अर्धा तास आधी यंत्र चालू करा आणि दार लावून घ्या. ओझोन सोडणारी यंत्रं घेऊ नका, ओझोन स्वतःच फुप्फुसांना अपाय करतो.

आणि हेही खरं की इमारतींच्या वायुवीजनाची मानकं ठरवणारी अभियंत्यांची ॲशरे ही संस्थाच सांगते: बंदिस्त जागेत तंबाखूच्या धुराचा आरोग्याला असलेला धोका वायुवीजनानं किंवा हवा गाळून पूर्ण घालवता येत नाही, तिथे ओढणं थांबणं हाच परिणामकारक उपाय. म्हणून प्युरिफायर आणला की काम झालं असं मानून बसू नका. पडदे, गाद्यांच्या खोळी, भिंती धुऊन-पुसून घ्या, कारण धुराचा चिकट थर तिथे मुरलेला असतो. पण हे येणारा धूर आटोक्यात आल्यावर करा, आधी केलं तर मेहनत वाया जाईल.

सहावं काम: कमिटी, घरमालक, नियम

एकट्याची तक्रार "दोन घरांचं भांडण" म्हणून बाजूला पडते. म्हणून आधी जिन्यातल्या इतर घरांत विचारा. बऱ्याचदा आणखी दोन-तीन घरं गप्प बसून सोसत असतात, आणि कुणीतरी विचारण्याचीच वाट पाहत असतात.

मग इमारतीचे नियम किंवा भाडेकरार वाचा. धूम्रपानाचा थेट उल्लेख नसला तरी "इतर रहिवाशांना उपद्रव होईल असं वर्तन" किंवा "सामाईक जागेचा वापर" अशा अर्थाचं कलम बहुधा सापडतं. अर्ज त्या कलमावर बांधा. अर्जात त्रास कधीपासून आहे, नोंदींचा गोषवारा, धुराची सापडलेली वाट, तुम्ही स्वतः केलेले उपाय, शेजाऱ्यांशी झालेलं बोलणं आणि तुमची मागणी हे सगळं एका पानात यावं. घरात दम्याचा रुग्ण, गरोदर बाई किंवा तान्हं बाळ असेल तर डॉक्टरांचं पत्र जोडा. पत्रात "धुरामुळे आजार बळावतो, संपर्क टाळणं गरजेचं" एवढं स्पष्ट असलं की पुरे. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.

मागणी दोन टप्प्यांत करा. पहिला टप्पा इमारतीनं करायची दुरुस्ती: डक्ट सामाईक असतो, त्यामुळे त्याची गळती आणि झडपा ही एका घराची जबाबदारी नाही. दुसरा टप्पा नियम. सुरुवातीला जिने, लिफ्ट, गच्ची, पार्किंग या जागा, मग बाल्कनी, आणि शेवटी घरांच्या आतली जागा. अमेरिकेत ३० जुलै २०१८ पासून सरकारी गृहसंकुलांत घरांच्या आत, सामाईक बंदिस्त जागांत आणि इमारतीपासून २५ फुटांच्या आत सिगारेट ओढायला मनाई आहे, म्हणजे असा नियम हजारो घरांना लागू करता येतो. नियमाच्या मसुद्यात बाहेर ओढण्यासाठी खिडक्यांपासून लांब अशी एक जागा जरूर ठेवा. छत आणि राखपात्र असलेली जागा मिळाली की नियम पाळला जातो. जागाच दिली नाही तर लोक पुन्हा बाथरूममध्ये जातात. ई-सिगारेट आणि हुक्का नियमात येतात की नाही तेही लिहून टाका, पुढे वाद नको.

विरोध होईल. "माझ्या घरात मी काय करतो ते मला विचारू नका," हे वाक्य हमखास येईल. त्याला उत्तर शांतपणे द्यायचं: घरात काय करता याबद्दल कुणी विचारत नाहीये, ते आमच्या घरात येतं त्याबद्दल बोलतोय. मोठ्या आवाजात गाणी लावण्याबद्दल आणि वरून गळणाऱ्या पाण्याबद्दल आपण हेच मानतो.

कायद्याची पायरी

प्रत्येक देशाचा कायदा वेगळा, म्हणून तुमच्या इथल्या वकिलाला विचारल्याशिवाय पाऊल उचलू नका. पण न्यायालयं या त्रासाला हसण्यावारी नेत नाहीत, हे दाखवणारे दोन निकाल आहेत. जपानमध्ये नागोया जिल्हा न्यायालयानं २०१२ साली, खालच्या मजल्यावरच्या बाल्कनीतल्या धुरानं त्रास झालेल्या रहिवाशी बाईला ओढणाऱ्यानं ५०,००० येन भरपाई द्यावी असा निकाल दिला. आपल्या धुरामुळे दुसऱ्याला त्रास होतो हे कळूनही काहीच न करणं, हा तिथे कळीचा मुद्दा ठरला. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयानं जानेवारी २०१५ मध्ये सांगितलं की धुराचा उपद्रव मोठा असेल तर भाडेकरू ठरावीक वेळा धूरमुक्त मागू शकतो. बाल्कनी वापरण्याचा हक्क दोघांनाही आहे, म्हणून वेळा वाटून घ्याव्यात.

दोन्हींतून कामाची गोष्ट एकच निघते: "मी यांना सांगितलं होतं" हे सिद्ध करता आलं पाहिजे. वही, पत्राची प्रत, अर्जाची पोच आणि डॉक्टरांचं पत्र यांचा उपयोग इथे होतो.

तुम्ही स्वतः ओढत असाल तर

हा लेख तुमच्या हातात कुणी दिला असेल, तर तो अपमान समजू नका. खिडकी उघडून ओढल्यानं धूर बाहेर जातोच असं नाही, वारा आत येत असेल तर तो घरातून दाराखालून जिन्यात जातो. एक्झॉस्टखाली उभं राहिल्यानं तो डक्टमधून दुसऱ्यांच्या बाथरूममध्ये निघतो. इमारतीबाहेर, खिडक्या आणि प्रवेशद्वारापासून निदान २५ फुटांवर जाणं हाच भरवशाचा मार्ग. रात्री खाली उतरणं शक्य नसेल तर निकोटिन गम किंवा पॅचबद्दल डॉक्टरांना विचारा. पूर्ण सोडायचं नसलं तरी रात्रीची वेळ त्यावर निघते.

घर बदलायची वेळ आली तर

सगळं करूनही धूर थांबत नाही आणि घरात आजारी माणूस आहे, तर घर बदलण्यात हार नाही. मात्र नवं घर पाहताना सकाळी न जाता रात्री जेवणानंतर जा, ओढण्याची वेळ तीच असते. दारं-खिडक्या लावून दहा मिनिटं थांबा. सिंकखालचं कपाट आणि बाथरूमच्या पंख्याची जाळी यांच्याजवळ वास घ्या. बाथरूमचा एक्झॉस्ट थेट बाहेर उघडतो की डक्टमध्ये, ते विचारा. बाल्कनीच्या कठड्यावर आणि जिन्याच्या कोपऱ्यात थोटकं दिसतात का पाहा. इमारतीत धूम्रपानाचा काही नियम आहे का, तो कागदावर मागा, आणि असेल तर करारावर सही करण्याआधी ते कलम त्यात घालून घ्या.